पुणं लागतंय का?

माझं माहेर वाईच्या पश्चिमेला, धोम धरणाच्या अंगाला, तिन्ही बाजूंनी डोंगर असलेल्या गावात. तिथे वडिलांनी घेतलेला बुशचा ट्रान्झिस्टर चाळीसेक वर्षं कोनाड्यात बोलत होता. त्याचा परवाना पोस्टात जाऊन काढावा लागायचा. ते लहानसं पुस्तक अजून आईच्या ट्रंकेत आहे. २०१८ च्या दिवाळीत ट्रान्झिस्टर कायमचा गप्प झाला. वाईतला दुरुस्तीवाला कधीच दुकान बंद करून मुलाकडे राहायला गेला होता. मी आईला म्हटलं, “काळजी करू नकोस, तुला छोटा, चांगला डिजिटल रेडिओ आणते.” माझी नोकरी फिरतीची, त्यामुळे मलाही एक हवाच होता. काम आठवड्याभराचं वाटलं होतं. पुरती चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत जे कळलं, ते जसं कळलं तसं लिहिते.

१. मला हवा होता तो रेडिओ वेगळा आणि आईला हवा होता तो वेगळा, हे समजायला घरात तीन रेडिओ यावे लागले. मी बघत होते पडदा केवढा, किती स्टेशनं लक्षात ठेवतो, गजर आहे का, रंग कोणता. आई प्रत्येक वेळी खोक्यातून बाहेर येणाऱ्या यंत्राकडे बघून एकच विचारायची, “पुणं लागतंय का?” पुणं म्हणजे आकाशवाणी पुणे, मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झ. सकाळच्या प्रादेशिक बातम्या, शेतीचे कार्यक्रम, भक्तिसंगीत, दुपारचं नाटक. तिचा अख्खा दिवस त्या एका आकड्यावर उभा होता. एफएम तिच्या गावात डोंगरांमुळे धड येत नाही, कारण त्या लहरींना समोरची वाट मोकळी लागते. मध्यम लहरी जमिनीला धरून डोंगराच्या अंगाखांद्यावरून येतात. मी दुकानदाराला हा एक प्रश्न आधी विचारला असता, तर पुढचं बरंच टळलं असतं. आजकाल लहान, देखण्या रेडिओंपैकी पुष्कळांत मध्यम लहरी नसतातच, हेही मला ठाऊक नव्हतं.

२. ‘डिजिटल’ हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या वस्तूंच्या खोक्यांवर छापलेला असतो. माझी मुलगी इंग्लंडात लेस्टरला असते. तिच्या स्वयंपाकघरात पावाच्या डब्याशेजारी असतो तसा रेडिओ मला फार आवडला होता. आकडे शोधायचे नाहीत, पडद्यावर स्टेशनांची नावंच ओळीने येतात, आवाज काचेसारखा स्वच्छ. त्याला तिथे डॅब म्हणतात. बीबीसीने ते प्रसारण १९९५ साली सुरू केलं. नॉर्वेने तर २०१७ मध्ये आपल्या राष्ट्रीय वाहिन्या एफएमवरून काढून डॅबवरच नेल्या. २०१९ मध्ये मुलीने तसलाच एक आईसाठी आणला. आम्ही तो वाईला नेला, बटण दाबलं, पडद्यावरची रेघ सरकत सरकत शेवटपर्यंत गेली आणि यादी कोरीच राहिली. भारतात डॅबचं प्रसारणच नाही. त्या रेडिओत एफएम होतं, मध्यम लहरी नव्हत्या. आईने नातीच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, “दिसायला गोड आहे गं.” तो रेडिओ परत लेस्टरला गेला. तिथे तो उत्तम चालतो, कारण तो तिथलाच आहे.

दुसरा डिजिटल म्हणजे डीआरएम, मध्यम लहरींवरूनच येणारं डिजिटल प्रसारण. आकाशवाणीने आपल्या मध्यम लहरींच्या तीसहून अधिक प्रक्षेपकांवर ही सोय केली आहे आणि आपल्याकडच्या बऱ्याच नव्या मोटारींत ते ऐकायचा संच बसवूनच येतो. एका परिचितांच्या गाडीत ऐकला तेव्हा मध्यम लहरींवरचा आवाज इतका निर्मळ असू शकतो याचं नवल वाटलं. पण हातात मावेल आणि आईला देता येईल असा डीआरएम संच मला परवडेल त्या किमतीत मिळाला नाही. आणि तिसरा, दुकानात ‘डिजिटल’ म्हणून सर्रास मिळतो तो. यात लहरी जुन्याच, साध्या. फक्त काट्याऐवजी आकडे दिसतात आणि आतली एक चिप येणाऱ्या लहरीचं गणित करून आवाज काढते. आईसाठी हाच हवा होता. एवढं कळल्यावर शोध अर्ध्याहून सोपा झाला.

३. नऊ आणि दहा या आकड्यांमधला फरक मला पन्नाशीनंतर शिकायला मिळाला. धाकटे दीर अमेरिकेहून आले, त्यांनी माझी शोधाशोध ऐकून चांगला जाडजूड पुठ्ठ्यातला रेडिओ आणला. मध्यम लहरी होत्या. मी पुण्याच्या घरी लावला तर ७९० यायचं, पुढे एकदम ८००. ७९० वर पुणे केंद्र ऐकू यायचं खरं, पण तोंडात घास घेऊन बोलल्यासारखं. एफएमवर विविध भारतीचं १०१ गाठायला जावं तर १००.९ वरून उडी थेट १०१.१ वर. संच सदोष आहे असं ठरवून मी तो कपाटात ठेवून दिला. दिरांना वाईट वाटू नये म्हणून बोलले नाही. तिथे तो दीड वर्ष पडून होता.

पुढे एका संध्याकाळी सहज त्याचं बारीक अक्षरातलं माहितीपत्रक उघडलं आणि डोक्यात प्रकाश पडला. अमेरिकेत मध्यम लहरींवरची स्टेशनं दहा-दहा किलोहर्ट्झच्या अंतराने मांडलेली असतात, आपल्याकडे नऊ-नऊच्या. मी कागद घेऊन भागाकार करत बसले. ७९२ म्हणजे ९ गुणिले ८८. मुंबईच्या अस्मिता वाहिनीचं ५५८ म्हणजे ९ गुणिले ६२. सांगलीचं १२५१ म्हणजे ९ गुणिले १३९. लहानपणापासून कानावर पडलेले हे आकडे नवाच्या पाढ्यात बसतात हे पाहून मला इतका आनंद झाला की आईला फोन लावला. संच बंद असताना एक बटण थोडा वेळ दाबून धरायचं, की पडद्यावर दहाचे नऊ होतात; एवढंच करायचं होतं. दिरांच्या रेडिओत काडीचा दोष नव्हता. मी त्यांना ही सगळी हकिगत कळवली आणि दीड वर्ष न बोलल्याबद्दल माफीही मागितली. परदेशातून रेडिओ येणार असेल, तर त्यात नऊची सोय आहे का हे आधी विचारावं. स्वस्तातल्या काही संचांत ती नसतेच.

४. एरियल लांब ओढलं की स्टेशन स्पष्ट येतं, हे मी आयुष्यभर खरं मानलं. ते एफएमला आणि लघुलहरींना लागू आहे. मध्यम लहरींसाठी लागणारं एरियल रेडिओच्या पोटात असतं. फेराइटची एक काळपट कांडी, तिच्यावर तांब्याच्या बारीक तारेचे वेढे. कांडीचं टोक स्टेशनच्या दिशेला आलं की आवाज विरतो, तिची लांब बाजू तिकडे वळली की भरून येतो. म्हणजे दांडी ओढायची नसते, अख्खा रेडिओ फिरवायचा असतो. मोठा शोध लावल्यासारखं मी हे आईला सांगायला लागले. ती म्हणाली, “मग? तो ट्रान्झिस्टर मी तिरपा कशाला ठेवत होते?”

आणि मला कोनाडा डोळ्यांपुढे आला. ट्रान्झिस्टर तिथे कधीच भिंतीला समांतर नसायचा. डावा कोपरा बाहेर, उजवा आत, खाली पुठ्ठ्याची घडी. दिवाळीच्या साफसफाईत आम्ही मुली तो पुसून व्यवस्थित सरळ ठेवायचो आणि आई काही न बोलता पुन्हा तिरपा करायची. आम्हाला वाटायचं, तिला टापटीप नाही. चौथी शिकलेल्या माझ्या आईने वळवून वळवून पुण्याची दिशा कानाने शोधून काढली होती आणि ती चाळीस वर्षं सांभाळली होती. मला हे माहितीपत्रकातून कळलं.

५. खरखर बहुतेक वेळा रेडिओत नसते, घरात असते. पुण्यात एका संचाला मी नावं ठेवत होते. एकदा दिवे गेले आणि तोच संच गाभाऱ्यातल्यासारखा शांत, स्वच्छ बोलू लागला. मग वीज आल्यावर एकेक बटण लावून पाहिलं. स्वयंपाकघरातला एक एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर आणि इंटरनेटची डबी, हे चौघे मिळून मध्यम लहरींवर करवत चालवत होते. रेडिओ स्वतःच्या चार्जरला जोडून ऐकला तरी तीच गत. तेव्हापासून मी तो सेलवरच ऐकते आणि खिडकीपाशी ठेवते. म्हणूनच दुकानात लावून बघण्यात फारसा अर्थ नाही. तिथे लोखंडी शटर आणि डोक्यावर वीस दिवे. आता मी दुकानदाराला विचारून संच बाहेर रस्त्याकडेला नेते, झाडाखाली उभी राहते आणि दुपारी ७९२ लावते. अजून एकानेही नाही म्हटलेलं नाही.

६. तळहाताएवढा रेडिओ प्रवासात सोन्यासारखा, पण कुकरच्या शिट्टीपुढे त्याचं काही चालत नाही. स्पीकर लहान, त्यामुळे बोलणं नीट कळतं, तबल्याचा बायाँ मात्र हरवतो. घर आणि प्रवास दोन्ही साधायचे तर साधारण वहीच्या अर्ध्या पानाएवढा संच घ्यावा, असं माझं मत झालं आहे.

७. सेल कोणते लागतात हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी विचारायची. निसर्ग वादळानंतर तो पहिला झाला.

टाळेबंदीत मी सासरी, श्रीवर्धनला अडकले होते. ३ जून २०२० च्या दुपारी वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. पडवीचे पत्रे माझ्या डोळ्यांदेखत उडाले. रोठा सुपारीच्या बागेत उभी राहिलेली पोफळ मोजायला एका हाताची बोटं पुरली असती. वीज गेली ती कित्येक आठवडे आली नाही. मोबाइलचे मनोरे आडवे. लेस्टरची मुलगी, वाईची आई, कुणालाच कळवता येईना की आम्ही जिवंत आहोत. माझ्या पिशवीत फिरतीवर नेते तो लहान रेडिओ होता, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. दोन सेल त्यात, दोन टेबलाच्या खणात, एक भिंतीवरच्या घड्याळात. घड्याळातला आम्ही काढून घेतला. संध्याकाळी बातम्यांपुरता तो लावायचा असं सासऱ्यांनी ठरवून दिलं. आळीतली दहा-बारा माणसं उघड्या पडवीत, अंतर ठेवून बसायची. मुंबईचं ५५८ समुद्रावरून असं यायचं की जणू निवेदक बंदरावर उभा आहे. मध्यम लहरी खाऱ्या पाण्यावरून फार दूरपर्यंत टिकतात, हे नंतर वाचलं. बातम्यांत श्रीवर्धनचं नाव आलं तेव्हा शेजारच्या काकू रडायला लागल्या. आपल्यावर काय ओढवलं आहे ते बाहेर कुणाला तरी माहीत आहे, एवढंच त्यांना हवं होतं.

त्या दिवसांत माझ्याकडे आत बंद केलेल्या, चार्ज करायच्या बॅटरीचा संच असता तर तो तिसऱ्या दिवशी मुका झाला असता. तेव्हापासून मी असाच संच बघते ज्याचं झाकण उघडतं. पेन्सिल सेल सगळ्यात बरे, कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. पूर्वीच्या नोकिया फोनमधली चपटी बॅटरी लागणारे संचही चांगले. मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर ती मिळून जाते. विमानाने जायचं असेल तर लिथियमची सुटी बॅटरी हातातल्या पिशवीत ठेवावी लागते, सामानात टाकता येत नाही. आणि रेडिओ महिनोन्महिने ठेवून द्यायचा असेल तर सेल काढून ठेवावेत. डिजिटल संच बंद असला तरी आतलं घड्याळ थोडी वीज खात राहतं. सेल संपतात, पाझरतात. वादळात साथ दिलेला तो रेडिओ मी असाच सेलसकट ठेवला आणि गमावला. उघडून पाहिलं तेव्हा स्प्रिंगांवर पांढरी भुकटी साचली होती. हे मनाला फार लागलं.

८. प्रवासात रेडिओपेक्षा आपण कुठे बसतो ते जास्त महत्त्वाचं. रेल्वेचा डबा लोखंडी, मधल्या बाकावर मध्यम लहरी पोचत नाहीत. खिडकीच्या काठावर ठेवला की येतात. कोकण रेल्वेच्या बोगद्यांत सगळंच थांबतं. एफएमला एरियल म्हणून हेडफोनची वायर चालते, म्हणून वायरचा हेडफोन मी अजून जपून ठेवला आहे. नव्या गावी उतरलं की तिथली स्टेशनं आपोआप शोधून साठवणारं बटण फार कामाचं, मात्र काही संचांत ते जुनी साठवण पुसून टाकतं. कुलपाचं बटणही बघून घ्यावं, नाहीतर पिशवीत दाबला जाऊन रेडिओ आपला आपण सुरू होतो. रात्रीची गंमत वेगळीच. सूर्य मावळला की वरच्या वातावरणातला, मध्यम लहरी शोषून घेणारा थर विरतो आणि शेकडो मैलांवरची स्टेशनं येऊन दार वाजवतात. रत्नागिरीच्या मुक्कामी मी अंधारात गुजराती भजनं ऐकली आहेत, कानडी बातम्या ऐकल्या आहेत. शब्द सगळे कळत नाहीत. तरी बटण फिरवत बसावंसं वाटतं.

९. लघुलहरींसाठी मी जास्तीचे पैसे मोजले ते आठवणींपायी. वडील बुधवारी रात्री सिलोनवर बिनाका गीतमाला लावायचे. १९५२ साली सुरू झालेला तो कार्यक्रम आमच्याकडे देवपूजेइतका नेमाने चालायचा. सिलोन येता-जाता लांब गेल्यासारखं व्हायचं आणि अमीन सायानींचा आवाज पुन्हा जवळ यायचा. आता लघुलहरींवरची कितीतरी घरं बंद झाली आहेत. बीबीसी हिंदीनेही २०२० च्या जानेवारीअखेर रेडिओ प्रसारण थांबवलं. ज्यांना शोधायची आवड आहे त्यांनी लघुलहरी जरूर घ्याव्यात. आईला त्यांचा उपयोग नव्हता, आणि शेकडो स्टेशनं साठवण्याचाही नव्हता. तिला एकच साठवायचं होतं.

१०. “फोनवर अॅप आहे की आकाशवाणीचं,” असं भाचा म्हणाला, आणि खरंच ते चांगलं आहे. मी स्वतः परगावी वापरते. आईला आम्ही तेही लावून दिलं. दोन दिवसांनी तिने सांगितलं, “ह्याचं घड्याळ मागे आहे.” ती बातम्यांआधीच्या ठोक्यांवर भिंतीवरचं घड्याळ लावते. इंटरनेटवरून येणारा आवाज साठत साठत पुढे सरकतो, म्हणून ठोके उशिरा पडतात. लहरीवरून येतो तो तत्क्षणी. तिच्या कानाला तेवढं अंतर खुपलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काचेवरची बारीक चित्रं तिला दिसत नाहीत, हा भाग वेगळाच.

११. शेवटी २०२२ मध्ये जो घेतला त्यात दाखवण्यासारखं काही नाही. मध्यम लहरी आणि एफएम, नऊचं अंतर, पेन्सिल सेल, बाजूला आवाजाची फिरती चकती आणि पुढे पाच ठसठशीत बटणं. पहिल्या बटणावर मी ७९२ साठवलं. बाकीची चार चुकून दाबली जातील म्हणून काय करावं असा विचार करत होते, तर आईने माझ्या कपाळाची मरून टिकली काढली आणि पहिल्या बटणावर चिकटवली. बोटाला लागते, दिसायची गरज नाही. दर दोन-तीन महिन्यांनी टिकली निघते, मग ती नवी लावते. मी माहेरी जाताना पाकीट घेऊन जाते.

तसाच दुसरा मी माझ्यासाठी आणला. सकाळी बातम्यांच्या वेळी आमचा फोन होतो. तिच्या कोनाड्यात रेडिओ चालू असतो, माझ्या खिडकीत माझा, दोन्हीकडे एकच निवेदक. फोनमधून तिच्याकडचा आवाज मला क्षणभर मागून ऐकू येतो.

“तुझा मागे पडलाय गं,” ती म्हणते.

“तुझाच मागे आहे, आई,” मी म्हणते.

मग दोघी गप्प राहून हवामानाचा अंदाज ऐकतो.